नुसती सही तर करायची

१६ ऑगस्ट

ही डायरी पतसंस्थेने जानेवारीत सगळ्या सभासदांना फुकट वाटली होती. सात महिने ती तांदळाच्या डब्याखाली होती, डबा डुगडुगू नये म्हणून. आज काढली. मला जे बोलायचं आहे ते शाळेत बोलता येत नाही, घरी ऐकायला माणूस नाही, आणि चर्चमध्ये फादरना सांगितलं तर ते क्षमा करायला सांगतील. मला क्षमा करायची नाही.

काल पगार झाला. पगारपत्रकावर एक नवी ओळ आहे. 'जामीनकीची वसुली, पाच हजार सहाशे पेसो.' मला वाटलं छपाईची चूक. चोवीस वर्षं चौथीला गणित शिकवते आहे, माझ्या पगाराची बेरीज-वजाबाकी मला झोपेतही येते. घराचं, विम्याचं, बँकेचं, माझ्या स्वतःच्या पतसंस्थेच्या कर्जाचं, सगळं कापून महिन्याला नऊ हजार सातशे हातात येतात. काल आले चार हजार शंभर.

मधल्या सुट्टीत पतसंस्थेत गेले. मॅनेजर रॅमिल एसीत बसून कलिंगड खात होता. म्हणाला, "मारिविक मॅडमनी मार्चपासून हप्ता भरलेला नाही. जामीनदार तुम्ही."

"मी एक पेसो घेतलेला नाही, रॅमिल."

"घेतला नाहीत हो. पण सही तुमची आहे ना?" त्याने फाईल माझ्याकडे फिरवली. माझीच सही होती, खाली तो मोठा झोकदार फराटा, जो मी मुलांच्या प्रगतिपुस्तकावर मारते.

मारिविक म्हणजे सहावीची बाई. आमचे वर्ग शेजारीशेजारी होते. गेल्या वर्षी कुवेतला गेली, कोणाची तरी पोरं सांभाळायला. त्याच्या आधी कधीतरी मधल्या सुट्टीत ती फॉर्म घेऊन आली होती, बरोबर केळीच्या पानातला चिकट भात आणला होता. "फेली मॅडम, नुसती सही तर करायची. फॉर्मॅलिटी आहे हो." मी घास चावत चावत सही केली. दोन लाखांवर.

डायरीच्या प्रत्येक पानाखाली पतसंस्थेने एक सुविचार छापला आहे. आजचा असा: 'सभासदांचा विश्वास हेच आमचे भांडवल.' अगदी खरं लिहिलंय मेल्यांनी.

१७ ऑगस्ट

कालचा राग अजून गेलेला नाही. जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

माझ्यावर कर्ज नाही असं मी म्हणत नाही. वादळात छप्पर उडालं आणि त्याच वर्षी क्रिसेल सुइणीच्या शिक्षणाला इलोइलोला गेली. दीड लाख काढले. मी विधवा बाई, कुठून आणणार? महिना चार हजार आठशे. तीन वर्षं झाली, एक हप्ता चुकलेला नाही.

जामीनदार मलाही लागले होते, दोन. एक मारिविक. तिची सही माझ्यावर, माझी तिच्यावर, शाळेत असंच चालतं. दुसरा मिळेना, कारण सगळी स्टाफरूम आधीच एकमेकांच्या फॉर्मांत अडकलेली. शेवटी तातय तिनोंगला गाठलं, तातय म्हणजे बाबा, सगळे त्याला तसंच म्हणतात. आमच्या शाळेचा झाडूपोछावाला म्हातारा, माझ्या मागच्या कुंपणापलीकडेच राहतो. व्हरांडा पुसत होता. चष्मा नव्हता त्याच्याकडे. कुठे सही करायची तिथे मी बोट ठेवलं. म्हटलं, "तातय, नुसती सही तर करायची." त्याने पँटला हात पुसला आणि एकेक अक्षर जोडत सही केली. पण त्या माणसाला माझ्यामुळे एका पेसोची तोशीस लागली का कधी? लाज असली की माणूस कसंही करून भरतो. मारिविकला ती नाही, एवढीच गोष्ट आहे.

२६ ऑगस्ट

क्रिसेलची फी भरायची होती. चार हजार शंभरमध्ये फी भरू की खाऊ? आज एटीएम कार्ड मनांग लुदिंगच्या दुकानात गहाण ठेवून आले. दहा हजार मिळाले. आता पगाराच्या दिवशी ती स्वतः जाऊन माझा पगार काढणार, आपलं व्याज आणि हप्ता ठेवून घेणार आणि उरलेलं मला देणार. माझाच पगार मी भीक मागितल्यासारखा तिच्या गल्ल्यापुढे उभी राहून घ्यायचा.

कार्डाला चिकटपट्टी लावून तिने त्यावर माझं नाव आणि पिन लिहिला आणि कार्ड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. डबा भरलेला होता. वरचंच कार्ड आमच्या हेडबाईंचं! त्याच हेडबाई, ज्या दर सोमवारी झेंड्यापुढे आम्हाला 'अंथरूण पाहून पाय पसरा' म्हणून सांगतात.

"तोंडावर बोट हं, मॅडम," मनांग लुदिंग म्हणाली. "तुमचंही कोणाला दिसणार नाही."

"वरच ठेवलंयस की!"

तिने माझं कार्ड तळाशी ढकललं. एवढी तरी माणुसकी.

३ सप्टेंबर

मारिविकला नऊ निरोप पाठवले. सगळे वाचलेत, निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही. रविवारी मात्र फोटो टाकलाय, एका मोठ्या मॉलमध्ये, मागे कारंजं, बाई हसताहेत. कारंज्यापुढे उभं राहायला वेळ आहे!

तडक तिच्या आईकडे गेले. नानय पुरिंग चर्चच्या पायरीपाशी तांदळाचा केक भाजून विकते, वर-खाली निखारे ठेवून. मी पोचले तेव्हा घरी पीठ मळत होती. मला बघून उठली, स्टूल पुसलं. "बस इंदाय, बस पोरी. गरम आहे, एक खा."

"मी खायला आले नाही, नानय. तुमची लेक माझ्या ताटातलं खाते आहे, ते सांगायला आले आहे."

म्हातारीने मान खाली घातली. म्हणे, मारिविक तिलाही पैसे पाठवत नाही. मला काय लहान समजते? स्वयंपाकघरात नवी कोरी फरशी! निळ्या फुलांची. मी तिच्यावर उभी राहून विचार करत होते की यातल्या किती फरश्या माझ्या आहेत. हिशेबाने बघितलं तर चुलीपासून मोरीपर्यंतच्या सगळ्या.

निघताना तिने कागदात दोन केक बांधून दिले. घेतले. वसुलीतले म्हणून घेतले.

१५ सप्टेंबर

देव आहे! आहेच!

पगारपत्रकावर मारिविकचे पाच हजार सहाशे कापलेत, ते कापणारच. पण माझ्या स्वतःच्या कर्जाची ओळच नाही! चार हजार आठशे कापायचे विसरले! मी तीनदा वाचलं. आठ हजार नऊशे हातात. मनांग लुदिंगने आपले काढून घेतले तरी क्रिसेलला पाठवून तांदूळ आणता आला.

क्रिसेलला फोन केला. पोरगी लगेच वकिलासारखी. "आई, ऑफिसात विचारलंस का, का नाही कापले ते?"

"विचारायला मी वेडी आहे का? झोपलेल्या कुत्र्याला कशाला डिवचायचं?"

"पण ते पैसे कुठून तरी घेणारच ना?"

"चोवीस वर्षं माझ्याकडूनच घेताहेत. एक महिना विसरले तर विसरू देत."

ही आजकालची पोरं, शिकवावं तेवढी घाबरट होतात.

२२ सप्टेंबर

आज शाळा सुटल्यावर तातय तिनोंग वर्गाच्या दारात येऊन उभा. टोपी हातात, आणि टोपीत घडी केलेला कागद. "मॅडम, एक विचारायचं होतं."

माझ्यापुढे बेचाळीस वह्या. डोकं उठलेलं. त्यात सकाळीच मारिविकने कारंज्याचा आणखी एक फोटो टाकला होता. म्हटलं, "आज नको तातय. माझंच डोकं ठिकाणावर नाही."

"बरं बरं, मॅडम. नंतर बघू." आणि गेला. कसला तरी सरकारी कागद वाचून हवा असेल. इतकी वर्षं नोकरी केली, माणसाने एक चष्मा करून घ्यायला नको?

९ ऑक्टोबर

एक तरी गोष्ट बरी झाली. कर्नल गेला.

कर्नल म्हणजे तातय तिनोंगचा झुंजीचा कोंबडा. लाल, उंच, मान मिरवणारा. गेली चार वर्षं पहाटे चारला माझ्या खिडकीखाली आरवतो. तातयचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव. त्याला मक्याचे दाणे निवडून घालायचा, संध्याकाळी मांडीवर घेऊन पाय चोळायचा. मी कितीदा भांडले. "मॅडम, त्याला शाळेची वेळ सांगितली आहे मी, तो ऐकत नाही," म्हणायचा. चार दिवस झाले, आवाज नाही. झुंजीत मेला असणार. रविवारी सगळा गाव तिथेच पडलेला असतो. मी सहा वाजेपर्यंत झोपले.

पण तातय हल्ली मला बघून वाट बदलतो. परवा जिन्यावर समोरासमोर आलो, तर बादली उचलून मागे फिरला. त्यालाही कळलं असणार, फेली मॅडमच्या पगारातून दुसरीचं कर्ज कापतात. लोक तरी कसे! बुडवणारी कुवेतमध्ये कारंजी बघते आणि तोंड लपवायचं मी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आता झाडूवालाही मला टाळणार!

१५ ऑक्टोबर

या महिन्यातही माझा हप्ता कापलेला नाही. दोन महिने! मी मेणबत्ती लावून आले.

मनांग लुदिंगकडे पैसे घ्यायला गेले तर तिने माझं कार्ड शोधायला डबा उपडा केला. त्यात तातय तिनोंगचं कार्ड! चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरांत नाव.

"हा पण?"

"मागच्या महिन्यात आला बिचारा," ती म्हणाली. "पगार पुरत नाही म्हणे."

"पुरेल कसा? कोंबड्यांवर लावतो ना सगळा. कर्नल गेला ना त्याचा, पैसे पण गेले असतील."

मनांग लुदिंग माझ्याकडे जरा वेगळंच बघत होती. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात कोणी तरी साबण मागायला आलं. बायकोचे काय हाल होत असतील त्या घरात! पुरुषांचं हे असंच. उद्या हेच लोक येऊन सांगतील, गरिबाला जगू देत नाहीत.

२ नोव्हेंबर

काल मृतांचा सण. आमच्या यांच्या थडग्याला चुना लावला, फुलं ठेवली, दुपारभर तिथेच सगळ्यांनी डबे सोडले. शेजारच्या ओळीत नानय चारिंग, तातय तिनोंगची बायको, आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावत होती. मी तूर-फणसाच्या आमटीचा डबा पुढे केला. "घ्या नानय."

तिने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आमचं आहे आमच्यापुरतं." आणि पाठ फिरवली.

आमटीत डुकराचं मटण होतं, नुसती तूर नव्हती! थडग्यावर असं वागतात का? तातय तिच्या मागे उभा राहून टोपी चुरगाळत होता. मी यांच्या थडग्याला सगळं सांगितलं. त्यांनी जिवंतपणीही कधी माझी बाजू घेतली नाही.

२० नोव्हेंबर

बास झालं. आता सरळ आमच्या बारांगायच्या, म्हणजे गावच्या, कचेरीत तक्रार टाकली. मारिविक नाही तर तिची आई. काप म्हणजे आमचा कप्तान, गावातली भांडणं तोच मिटवतो. तो माझाच विद्यार्थी, भागाकारात कच्चा होता. म्हणाला, "मॅडम, म्हातारीवर तक्रार कशी घ्यायची? कर्ज तर लेकीचं."

"बोलावून तर घे. चार लोकांसमोर मला बोलायचं आहे. चार महिने मी एकटी भिंतीशी बोलते आहे."

त्याने रजिस्टर उघडलं, आधीच्या पानावर काहीतरी वाचलं आणि डोकं खाजवलं. "बरं. तीन डिसेंबर. मॅडम, तुम्हाला त्या दिवशी यायलाच लागेल हं. चुकवू नका."

"मी? मी कशाला चुकवेन?"

काय बोलायचं ते मी कागदावर उतरवून पाठ करते आहे. नोव्हेंबरचाही हप्ता कापलेला नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

३ डिसेंबर

जसं झालं तसं लिहिते.

कचेरीत बाकावर नानय पुरिंग बसली होती, चर्चला जायचे कपडे घालून. तिच्या पलीकडे तातय तिनोंग आणि नानय चारिंग. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, शेजारी साक्षीला आले, थडग्यावरचं विसरूया.

कापने नाव पुकारलं आणि मी उभी राहिले. कागदाची गरजच पडली नाही. मी म्हटलं, "काप, मी एक पेसो घेतलेला नाही. विश्वासाने सही केली. मला सांगितलं, फॉर्मॅलिटी आहे, मी मानलं. आज माझ्या ताटातला घास जातो आहे. माझं कार्ड गहाण आहे. मी माझा पगार दुसऱ्याच्या हातून मागून घेते. आणि जिच्यासाठी हे चाललंय ती मजेत आहे! पैसे गेले तर गेले, पण तिने एकदा तरी येऊन विचारावं की नाही, बाई, तुझं कसं चाललंय? तिला माहीत नाही? माहीत आहे! माहीत असून गप्प बसलीय, कारण गप्प बसणं फुकट पडतं. याला चोरी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?"

मागे कोणीतरी 'खरं आहे' म्हणालं. माझा ऊर भरून आला होता.

नानय पुरिंग उठली. हळू बोलत होती. मारिविकच्या मालकिणीने मार्चपासून पगार दिलेला नाही. पासपोर्ट कपाटात कुलूप लावून ठेवला आहे. कारंज्यापाशी ती मालकिणीच्या पोरांना घेऊन जाते, आईने काळजी करू नये म्हणून हसून फोटो पाठवते. "उत्तर काय देऊ, आई, लाज वाटते, असं म्हणते ती. आणि इंदाय, ती फरशी चर्चच्या जुन्या व्हरांड्याची आहे. फादरनी फुकट दिली. मागच्या बाजूने फुटलेली आहे, तुला दिसली नसेल." मग तिने रुमालाची गाठ सोडली आणि तीनशे वीस पेसो टेबलावर ठेवले, सुट्टे.

मी ते उचलले नाहीत. पण रागही सोडला नाही, खरं सांगते. मला वाटलं, पगार नसेल मिळाला, पण एक ओळ लिहायला काय पैसे पडतात?

कापने ते पैसे म्हातारीकडे परत सरकवले आणि म्हणाला, "हे आपण बघू. मॅडम, तुम्ही बसू नका. पुढच्या तक्रारीतही तुमचं नाव आहे."

"माझं? कोणाची तक्रार?"

नानय चारिंग उभी राहिली. तातय तिचा पदर ओढावा तसा तिच्या बाहीला धरून होता, "जाऊ दे गं, जाऊ दे" म्हणत. तिने बाही सोडवून घेतली.

"काप, मला बोलता येत नाही. मॅडम शिकलेल्या आहेत. त्यांनी आत्ता जे सांगितलं ना, ते सगळं माझंच आहे. तेवढं नाव बदलून घ्या."



मला काही कळेना. कळेना म्हणजे, कळायला एवढा वेळ लागला की कापने सांगायला सुरुवात केली. पगारातून माणसाच्या हातात किमान पाच हजार उरलेच पाहिजेत असा नियम आहे. ऑगस्टमध्ये माझे दोन्ही हप्ते कापले तेव्हा चार हजार शंभर उरले, ती पतसंस्थेची चूक. ती त्यांनी सुधारली. मारिविकचा हप्ता माझ्याकडून, आणि माझा हप्ता माझ्या इथे उरलेल्या एकुलत्या जामीनदाराकडून. चार हजार आठशे, तीन महिने. तिनोंगचा महिन्याचा पगार चौदा हजार.

"कागद आला होता," तातय जमिनीकडे बघत म्हणाला. "चारिंगला वाचता येत नाही, मला दिसत नाही. म्हणून मॅडमकडे घेऊन गेलो होतो. मॅडम कामात होत्या."

"मग शेवटी कोणी वाचला?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"लुदिंगने. कार्ड ठेवायला गेलो तेव्हा."

"आणि कर्नल?"

"पलीकडच्या गावात विकला. चांगला माणूस आहे तो, झुंजवणार नाही म्हणालाय, पैदाशीला ठेवणार." तो मला समजावत होता. मला!

तीन गुणिले चार हजार आठशे, चौदा हजार चारशे. त्या माणसाचा एक अख्खा महिना, आणि वर चारशे. चौथीचं गणित आहे. मला तीन महिन्यांत करता आलं नाही, कारण मी मांडलंच नाही. मेणबत्ती लावली.

तडजोडीचा कागद झाला. दर पंधरा तारखेला सोळाशे, नऊ महिने, नानय चारिंगच्या हातात. आणि यापुढचा माझा पतसंस्थेचा हप्ता पगाराच्याही आधी मी स्वतः नेऊन भरायचा. कापने विचारलं, "मॅडम, मग जगणार कशावर?" मी म्हटलं, तो माझा प्रश्न. शनिवारी शिकवण्या घेईन. शिवणयंत्र आहे. नानय पुरिंगवरची तक्रार मी मागे घेतली. तिने मारिविकचा मालकिणीच्या घरचा पत्ता दिला आहे, कामगार खात्याला अर्ज मी लिहून देणार आहे. माझं अक्षर चांगलं आहे.

मग काप म्हणाला, "नियमाप्रमाणे या कागदावर कोणीतरी जामीन लागेल. कोण राहतंय?"

आणि तातय तिनोंग सवयीने उठला! खरंच उठला, पँटला हात पुसला आणि पेनाकडे हात नेला. नानय चारिंगने त्याच्या हातावर असा फटका मारला की पेन टेबलाखाली गेलं. सगळी कचेरी हसली. तातयसुद्धा हसला. मी रडत होते.

"कोणी नको," मी म्हटलं. "माझ्यावर कोणी सही करायची नाही." पेन मी खाली वाकून शोधलं.

५ डिसेंबर

रॅमिलकडे गेले. आज त्याच्यापुढे पपई होती.

"तीन महिने त्या म्हाताऱ्याचा पगार कापलात. मला एक शब्द सांगता आला नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. पगारपत्रकावर दिसतं की."

"त्याने न वाचता सही केली होती!"

"सगळेच न वाचता करतात." तो हसून म्हणाला. "वाचून केली तर पतसंस्था चालेल कशी? नाताळचं हॅम घेऊन जा जाताना, सभासदांना वाटतोय."

माझं रक्त उकळलं. त्याला मी बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही, क्रिसेलच्या हाती ही वही पडायची. त्याला चूक वाटत नाही, कारण त्याच्या टेबलावरून सगळ्यांच्या सह्या बरोबर दिसतात. आमच्यापैकी प्रत्येकाला दुसऱ्याच्या मानेवर बसवायचं आणि वर सुविचार छापायचे! पण एक वाक्य घरापर्यंत बरोबर आलं, 'तुम्ही विचारलं नाहीत.'

हॅम घेतलं. रागापायी अन्न टाकण्याची माझी ऐपत नाही. अर्धं नानय पुरिंगला दिलं. दुसरं अर्धं घेऊन कुंपणापाशी दोनदा गेले आणि परत आले.

११ डिसेंबर

शिवणयंत्र विकलं. माझा हप्ता रोख भरला आणि रॅमिलकडून पावती घेतली. पावती उभ्या उभ्या पूर्ण वाचली, मागची बारीक अक्षरंसुद्धा. मागे रांगेत लोक कुरकुरत होते. कुरकुरू देत.

१६ डिसेंबर

काल पगार. मनांग लुदिंगचं जाऊन जे उरलं त्यातले आधी सोळाशे बाजूला काढले, पाकिटात घातले.

आजपासून नाताळच्या पहाटेच्या मिस्सा सुरू. गजर लावला नव्हता. साडेतीनला आपोआप जाग आली आणि मी आवाजाची वाट बघत पडून राहिले. मग उठले, शाल घेतली आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले.

कर्नलच्या खुराड्यात त्यांनी आता सरपण रचलं आहे. तातय दारात उभा होता, मिस्सेला जायला तयार. "या मॅडम, कॉफी घ्या." मी पाकीट नानय चारिंगच्या हातात दिलं. तिने बल्बखाली जाऊन नोटा मोजल्या. मग पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. तातयला लाज वाटली, तो म्हणाला, "अगं, मॅडम आहेत त्या, गणित शिकवतात."

"मोजू दे, तातय," मी म्हटलं.

"बरोबर आहेत," ती म्हणाली. "आठ हप्ते राहिले."

"आठ राहिले," मी म्हटलं.